१९ एप्रिलचे मत : घरात कोणी ठरवायचे आणि कशावरून?

मागच्या वर्षी आमच्या शाळेत चौथीच्या एका मुलाची अम्मी आली होती. हातात उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, आधारची झेरॉक्स. "सर, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी भरायचा?" आम्हाला सांगावे लागले की पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली आहे, आता ती फक्त नववी-दहावीसाठी आहे. कारण असे दिले गेले की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे. ती बाई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "हम तो माजी नगरसेवक को बोल के आए, वो बोला करवा देता हूँ."

करवून कोण देणार? हा निर्णय दिल्लीचा. वर्षाला हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम नव्हे, पण तीन मुलांच्या घरात वह्या, दप्तर, बूट त्यातच निघत होते. तो पैसा का थांबला हे विचारण्याची जागा नगर परिषद नाही, लोकसभा आहे. आणि २०२४ च्या लोकसभेचे मतदान शुक्रवारी, १९ एप्रिलला आपल्याकडे होते. ईदची शिरखुर्म्याची भांडी कुठे घासून ठेवली होती, तेवढ्यात हा दिवस आला. म्हणून हा लेख. कोणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही. शिक्षक आहोत, निवडणुकीची ड्युटीही करतो, ते आम्हाला शोभणारही नाही. ठरवायचे कसे, एवढेच बोलू.

आधी आपण कोणत्या मतदारसंघात आहोत ते पाहा. हसू नका, दर वेळी हा घोळ होतो. गोंदिया जिल्हा एक असला तरी खासदार दोन आहेत. आमगाव, सालेकसा, देवरी हा भाग आमगाव विधानसभेत येतो आणि ती विधानसभा गडचिरोली-चिमूर लोकसभेला जोडलेली आहे. गोंदिया, तिरोडा आणि अर्जुनी-मोरगाव या तीन विधानसभा भंडारा-गोंदियात आहेत. सोबत भंडारा, तुमसर आणि साकोली. म्हणजे गोंदियात राहणाऱ्या भावाची आणि आमगावला दिलेल्या बहिणीची मतयंत्रे वेगळी, उमेदवार वेगळे. गोंदियातल्या मामूंनी फोनवर सांगितलेले नाव आमगावच्या यंत्रावर सापडणारच नाही.

२०२४ मध्ये आणखी एक गोष्ट होती. भंडारा-गोंदियात ज्यांचे बोट सवयीने घड्याळाकडे जाते, त्यांना त्या वर्षी घड्याळ दिसणार नव्हते. २०१४, २०१८ची पोटनिवडणूक आणि २०१९, तिन्ही वेळा इथे राष्ट्रवादी विरुद्ध भाजप अशीच मुख्य लढत होती. २०२४ला राष्ट्रवादीच दुभंगलेली होती, प्रफुल्ल पटेल भाजपच्या बाजूला होते, आणि १९९९ नंतर पहिल्यांदा काँग्रेसचा पंजा इथल्या लोकसभेच्या यंत्रावर आला होता. भाजपकडून तेव्हाचे खासदार सुनील मेंढे, काँग्रेसकडून डॉ. प्रशांत पडोळे. त्यांच्यासह एकूण १८ उमेदवार होते. एका यंत्रावर १६ बटने असतात, म्हणून १८ उमेदवार आणि शेवटी 'नोटा' धरून दोन यंत्रे शेजारी-शेजारी ठेवावी लागणार होती. अशा वेळी घाबरू नका, बटन एकदाच दाबायचे असते. गडचिरोली-चिमूरमध्ये दहाच उमेदवार होते, तिथे एकच यंत्र.

आता मूळ प्रश्न. खासदाराकडून काय मागायचे?

मोहल्ल्यातल्या बैठकीत उमेदवार आला की आपण काय मागतो ते आठवा. नाली. शादीखान्याला पत्रे. कब्रस्तानाची भिंत. गल्लीत सिमेंट रोड. यातले बहुतेक काम नगर परिषद, ग्रामपंचायत किंवा आमदाराच्या वाट्याचे. खासदाराला विकास निधी मिळतो खरा, वर्षाला ५ कोटी. भंडारा-गोंदियात मतदार सुमारे १८ लाख. भागाकार करून पाहा, डोईमागे सत्तावीस-अठ्ठावीस रुपये येतात. तेवढ्यासाठी पाच वर्षांचा माणूस निवडायचा का?

खासदाराचे खरे काम संसदेत आहे. कायदे तिथे होतात. तलाकचा २०१९चा कायदा तिथेच झाला, नागरिकत्व दुरुस्तीचा कायदाही त्याच वर्षी तिथेच झाला, आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ला निघाले. आपल्या घरांत यांवर रात्र-रात्र चर्चा होते, मग या विषयावर तुम्ही सभागृहात काय बोललात किंवा काय बोलाल, हे उमेदवाराला तोंडावर विचारायला संकोच कशाला? आणि फक्त 'आपले' विषय विचारून थांबू नये. धानाचा हमीभाव केंद्र ठरवते, २०२३-२४ च्या हंगामात साधारण धानाला क्विंटलला २,१८३ रुपये होता. त्यावरचा बोनस मात्र राज्य सरकारचा, त्याचा जाब आमदाराला विचारा. २०२४ मध्ये विडीवर २८ टक्के आणि तेंदूपत्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. आपल्या जिल्ह्यात किती घरांची चूल विडीवर चालते ते सांगायला नको. गोंदिया जंक्शनची रेल्वे दिल्लीची. उर्दू शाळेत शिक्षक का नाहीत, हा मात्र राज्याचा आणि जिल्हा परिषदेचा विषय. तो प्रश्न विधानसभेसाठी जपून ठेवा.

उमेदवार कसा आहे हे भोंग्यावरून कळत नाही, कागदावरून कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते. त्यात गुन्ह्यांची माहिती, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, सरकारी देणी आणि शिक्षण असते. हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर आणि 'नो युवर कँडिडेट' या अ‍ॅपवर कोणालाही फुकट पाहता येते. घरातल्या बारावीच्या पोराला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल. दिवसभर रील पाहण्यापेक्षा बरे.

वाचताना गुन्ह्यांचा आकडा पाहून दचकू नका. आंदोलन केले, मोर्चा काढला, जमावबंदी मोडली, असे गुन्हे बहुतेक पुढाऱ्यांवर असतात. कलम कोणते आहे ते पाहा. मारहाण, फसवणूक, बाईवरचा अत्याचार, दोन समाजांत तेढ लावणे, यातले काही आहे का? नुसती तक्रार आहे, की न्यायालयाने आरोप निश्चित केलेत? उमेदवार आधीही लढला असेल तर त्याचे मागचे शपथपत्रही तिथेच मिळते. संपत्ती किती वाढली ते शेजारी ठेवून बघा. शिक्षणाच्या रकान्याला मात्र फार भाव देऊ नका. बीएड होऊनही आम्ही हे म्हणतो आहोत. विद्यमान खासदाराची सभागृहातली हजेरी आणि त्याने विचारलेले प्रश्न संसदेच्या वेबसाइटवर आहेत. मोहल्ल्यातला कोणी सुशिक्षित तरुण हे छापून चहाच्या टपरीवर लावील तर ती मोठी खिदमत होईल.

इथवर सोपे आहे. कठीण पुढे आहे. मनातला उमेदवार एक, आणि निवडून येण्याची शक्यता दुसऱ्याचीच. अशा वेळी काय करायचे? आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते तो जिंकतो, निम्मी मते लागत नाहीत. ब्रिटन आणि कॅनडातही हीच पद्धत आहे आणि तिथले मतदारही दर निवडणुकीत याच कोड्यात अडकतात : आवडत्याला द्यावे, की नावडत्याला रोखू शकेल त्याला द्यावे?

या कोड्याचा एक धडा आपल्याच मातीत आहे. १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक झाली. तेव्हा इथून दोन खासदार निवडले जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागेवर, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत. राखीव जागेवर खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. जवळच्या काही लोकांनी सुचवले की आपल्या मतदारांना दुसरे मत वाया घालवायला सांगा, म्हणजे राखीव जागेवरच्या प्रतिस्पर्ध्याला त्याचा फायदा होणार नाही. बाबासाहेबांनी ते मानले नाही. ज्याने राज्यघटना लिहिली तो मत कुजवायला कसा सांगेल! काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे ८ हजार मतांनी निवडून आले, आणि सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता. आम्ही ही गोष्ट वर्गात सांगतो तेव्हा मुले दर वेळी विचारतात, "सर, मग त्यांनी चूक केली का?" आम्ही उत्तर देत नाही, मुलांना भांडू देतो.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर, हिशोब करून मत देण्यात काही वाईट नाही, पण हिशोब खऱ्या आकड्यांवर हवा, अफवेवर नको. याच भागात २००४ मध्ये शिशुपाल पटले यांनी प्रफुल्ल पटेल यांना तीन हजारांच्या आसपास मतांनी हरवले. २०१८च्या पोटनिवडणुकीत मधुकर कुकडे ४८ हजारांनी जिंकले, आणि वर्षभराने २०१९ मध्ये मेंढे जवळपास दोन लाखांनी. म्हणजे ही जागा कोणाच्या खिशात नाही, आणि 'आपल्या मताने काय होते' हे वाक्यही इथे चालत नाही. नोटाचेही समजून घ्या. नोटा २०१३ पासून आहे, ती मते मोजली जातात, पण निकालावर परिणाम होत नाही. नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरी उरलेल्यांत जो पुढे तोच खासदार.

शेवटच्या दोन रात्री मोबाईलवर एक ठराविक मेसेज फिरतो : 'अमुक उमेदवार बसला, समाजाने तमुकला पाठिंबा दिला.' २०२४ मध्ये उमेदवारी मागे घेण्याची मुदत ३० मार्चला संपली. मुदत संपल्यावर कोणी कितीही 'बसला' तरी त्याचे नाव आणि बटन यंत्रावर राहणारच. आणि समाजाने ठरवले म्हणजे नेमके कोणी ठरवले? त्या बैठकीत किती बायका होत्या? बुजुर्गांचा आणि उलमांचा मशवरा जरूर ऐकावा, त्यांनीच मताला गवाही म्हटले आहे. पण गवाही ज्याची त्यानेच द्यायची असते, दुसऱ्याच्या सांगण्यावरून नाही. एखाद्या उमेदवारासाठी कोणी बहिष्काराची किंवा अल्लाहच्या नाराजीची धमकी देत असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये तो भ्रष्ट प्रकार आहे. धर्माच्या नावाने मत मागणेही त्याच कलमात येते, मग मागणारा कोणत्याही धर्माचा असो. आणि पैसे देणाऱ्याइतकाच घेणाराही गुन्हेगार.

एका केंद्रावर ड्युटीला असताना पाहिलेले सांगतो. तरुण सून मत द्यायला आत गेली आणि पडद्याआडून दाराशी उभ्या नवऱ्याला विचारू लागली, "कौनसा दबाऊँ जी?" तो तिथूनच नंबर ओरडायला लागला. केंद्राध्यक्षांनी त्याला बाहेर काढले. सोबती फक्त अंध किंवा शरीराने असमर्थ मतदाराला मिळतो. ती बिचारी आत एकटी उभी राहिली. बऱ्याच वेळाने बीप वाजला. बाहेर येताना तिच्या चेहऱ्यावर जे हसू होते ते आम्ही विसरलो नाही. तिने कुठले बटन दाबले ते ना आम्हाला कळले, ना तिच्या घरच्यांना, आणि कायद्याला तेच हवे आहे. घरात चर्चा करा, वाद घाला, सासऱ्यांनी आपले म्हणणे सांगावे, सुनेने आपले. हुकूम मात्र नको.

जाण्यापूर्वी दोन-चार कामाच्या गोष्टी. मतदार यादीत नाव आहे की नाही ते १९५० या क्रमांकावर फोन करून आजच पाहा. बालाघाटहून लग्न होऊन आलेल्या मुलींची नावे बरेचदा माहेरीच असतात. नाव जिथे, मत तिथेच. २०२४ मध्ये बालाघाटचे मतदानही १९ तारखेलाच होते, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येण्यासारखे. बुरखा घातलेल्या महिलांची ओळख महिला कर्मचारी पाहते. त्या नसतील तर केंद्राध्यक्षांना शांतपणे सांगा. बटन दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, नाव आणि चिन्ह बघूनच हला. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल तर भांडण करून परत येऊ नका. ओळख पटवा आणि 'प्रदत्त मत' मागा, कागदी मतपत्रिका मिळते.

आणि वेळ. १९ एप्रिल २०२४ हा दिवस जुम्याचा होता. गोंदिया, तिरोड्यात मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६ होते. पण अर्जुनी-मोरगाव आणि आमगाव विधानसभेत, म्हणजे देवरी-सालेकसाकडेही, दुपारी ३ लाच संपणार होते. नमाज पढून, जेवून, जरा पडून मग जाऊ म्हणाल तर दार बंद. तीन वाजता जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठी देऊन मत देऊ देतात, पण एप्रिलच्या उन्हात त्या भरवशावर कशाला राहायचे? फजरनंतर चहा घ्या, घरातल्या बायकांना आधी पाठवा, मुलांपाशी तुम्ही बसा.