बिनतारी ड्रिल घेण्यापूर्वी

शेतकऱ्याच्या घरी भोक पाडण्याचे व स्क्रू पिळण्याचे काम कधी संपत नाही. गोठ्याच्या दाराची बिजागरी निखळते, पंपघरात नवा बोर्ड बसवावयाचा असतो, ठिबकच्या पाइपाला भोके हवी असतात, माजघरात वेदीसाठी फळी ठोकावयाची असते. पूर्वी अशा कामाला सुताराचा सामता किंवा गिरमिट चाले. पुढे विजेचे ड्रिल आले; पण त्याला तारेची वेसण. शेताच्या टोकाला, विहिरीच्या काठावर किंवा कुंपणापाशी ते पोहोचत नाही. पोहोचवावे म्हणून ओल्या मातीतून जोडतार ओढणे म्हणजे जिवाशी खेळच होय. अशा ठिकाणी बॅटरीवर चालणारे बिनतारी ड्रिल खरे उपयोगी पडते.

असे यंत्र अमेरिकेत १९६१ साली प्रथम निघाले. त्यातील निकेल-कॅडमियमची बॅटरी जड असे व लवकर उतरे. २००५ च्या सुमारास लिथियमची बॅटरी या हत्यारांत आली आणि ती हलकी व दमदार झाली. आज तालुक्याच्या गावीही ती मिळतात. मात्र दुकानात गेल्यावर मनुष्य गोंधळतो. एका पेटीवर मोठा आकडा, दुसऱ्या पेटीत शंभर सुटे तुकडे फुकट. पीक विकून हाती आलेले पैसे अशा देखाव्याला भुलून घालवू नयेत, म्हणून आम्ही येथे एकच सूत्र सांगू इच्छितो: आधी आपले काम पाहा, मग बॅटरी पाहा आणि यंत्राचा रंगरूप सर्वांत शेवटी पाहा.

कामांची यादी करा

गेल्या वर्षभरात घरी कोणती भोके पाडावी लागली, ते एका कागदावर लिहून काढावे. लाकूड, पत्रा, पीव्हीसी पाइप व स्क्रू एवढेच काम असेल, तर लहान यंत्र पुरते. साग किंवा ऐनासारख्या टणक लाकडात जाड भोके पाडावयाची असतील, लोखंडी अँगलला भोके हवी असतील किंवा जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत असेल, तर मोठे यंत्र हवे. आणि स्लॅबच्या सिमेंट काँक्रीटमध्ये किंवा काळ्या दगडात रोजचे काम असेल, तर साधे बिनतारी ड्रिल त्या कामाचे नव्हेच. त्यासाठी वेगळे हॅमर यंत्र असते. ते मिस्त्रीकडून भाड्याने आणणे स्वस्त पडते.

व्होल्टचा आकडा

लिथियमचा एक सेल काम करताना सरासरी ३.६ व्होल्ट देतो. पूर्ण भरल्यावर तोच ४ व्होल्टच्या वर जातो. पाच सेलांच्या बॅटरीवर एक कंपनी १८ छापते, तर दुसरी २० छापते. दोन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या आहेत. तसेच १०.८ व १२ यांचे. तेव्हा २० चे यंत्र १८ च्या यंत्राहून बलवान, ही समजूत चुकीची आहे.

व्होल्टइतकेच महत्त्वाचे दुसरे माप म्हणजे अँपिअर-तास. व्होल्ट हा पाण्याचा दाब मानला, तर अँपिअर-तास म्हणजे टाकीत किती पाणी आहे ते. दोहोंचा गुणाकार केला की साठा कळतो. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६ वॅट-तास वीज असते. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२. ती भरण्यास विजेच्या एका युनिटचा लहानसा हिस्साच लागतो, म्हणून बिलाची चिंता नको. बॅटरीवर अँपिअर-तास छापलेलेच नसतील, तर ते यंत्र घेऊ नये.

घरकामाला १२ व्होल्टचे हलके यंत्र बरे. छपराकडे हात वर धरून काम करताना त्याचा हलकेपणा जाणवतो. घर व शेत दोन्हींसाठी एकच घ्यावयाचे असेल, तर १८ व्होल्टचे घ्यावे. वीज जाण्याचा नेम नसलेल्या गावात एका मोठ्या बॅटरीपेक्षा दोन लहान बॅटऱ्या सोयीच्या. एक कामावर, एक चार्जरवर.

आणखी एक गोष्ट. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही. आज ड्रिल घेताना आपण पुढच्या सर्व हत्यारांची बॅटरी निवडीत असतो. म्हणून त्याच बॅटरीवर फांद्या छाटण्याची करवत किंवा फवारणी पंप मिळतो का, आणि नवी बॅटरी व दुरुस्ती जवळच्या शहरात होते का, हे आधी विचारावे. बॅटरी काही वर्षांनी थकणारच. ती मिळेनाशी झाली की चांगले यंत्रही भंगारात जाते.

यंत्रावर काय पाहावे

पाते धरणाऱ्या तोंडाला चक म्हणतात. लहान यंत्रात चक १० मिलिमीटरपर्यंतचे पाते धरतो, मोठ्यात १३ मिलिमीटरपर्यंतचे. शेतकऱ्याने १३ चा घ्यावा.

वर १ आणि २ अशी गतीची खटकी असावी. १ वर यंत्र हळू पण जोरात फिरते. स्क्रू, लोखंड व जाड भोक यांसाठी ती. २ वर वेगाने फिरते. ती लाकडातील बारीक भोकांसाठी. बैलगाडी चढणीला हळू व सपाटीला जलद, तसेच हे.

चकच्या मागे आकड्यांची कडी असते. आकडा लहान ठेवला, तर ठरावीक जोर येताच आतली पकड सुटते व कटकट आवाज होतो. त्यामुळे स्क्रूचे डोके झिजत नाही व लाकूड फाटत नाही. लहान आकड्यापासून सुरुवात करून गरजेप्रमाणे वाढवावे.

हातोडीचे चित्र असलेली सोय भिंतीसाठी असते. तीत दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरून पात्याला बारीक ठोके देतात. विटेला ती चालते. जांभ्याच्या बाबतीत मात्र जपावे. हा दगड सच्छिद्र असतो. ठोक्यांनी भोक फसते व गिट्टी सैल बसते. म्हणून प्रथम ठोके बंद ठेवून भिंतीच्या पात्याने भोक पाडून पाहावे, आणि गिट्टी नेहमीपेक्षा लांब घ्यावी.

ब्रश नसलेल्या मोटरचे यंत्र महाग असते, पण एका चार्जमध्ये अधिक काम करते. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या यंत्रात साधी मोटर पुरे.

शंभर तुकड्यांच्या पेटीपेक्षा चांगली दहा पाती घ्यावी. भिंतीच्या पात्याला टोकाशी कठीण धातूचा तुकडा जोडलेला असतो, लोखंडाचे पाते हायस्पीड स्टीलचे असते, लाकडाच्या पात्याला मध्ये अणकुची असते. एकाचे काम दुसऱ्याला सांगू नये. लोखंडाला आधी पंचाने खूण ठोकून, हळू गतीने व तेलाचा थेंब सोडून भोक पाडावे. ठिबकच्या पाइपात पडलेला प्लास्टिकचा भुगा ड्रिपर बुजवतो, म्हणून नळ्या जोडण्यापूर्वी पाइप पाण्याने धुऊन काढावा.

माती खणण्याचे पिळदार पातेही मिळते. भुसभुशीत वाफ्यात रोपे लावण्यास ते ठीक आहे. मुरमाड जमिनीत ते दगडाला अडकते आणि यंत्र उलट फिरून मनगट मुरगळते. नारळ-सुपारीचे खड्डे त्याने खणू नयेत.

डोळे, फुफ्फुसे व हात

बिनतारी यंत्र निर्धोक असते, असे समजू नये. भिंतीतील चालू तारेला पाते लागले, तर धक्का बसतोच. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली व बाजूला भोक पाडू नये. शंका असेल तेथे मेन स्विच बंद करावा. डोळ्यांना चष्मा हवाच. लोखंडाचा कण डोळ्यात गेला, तर चोळू नये; त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. पदर, ओढणी, मोकळे केस व सैल हातमोजे पात्यात गुंततात. पाते बदलताना बॅटरी काढून ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. गोठ्यांवर व पडव्यांवर पुष्कळ ठिकाणी सिमेंटचे करडे पत्रे आहेत. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा शाबूत असेल तोवर धोका थोडा. पण यंत्राने भोक पाडताच ते सूक्ष्म तंतू हवेत उडतात व श्वासाबरोबर फुफ्फुसात रुततात. फुफ्फुस निबर होणे, कर्करोग असे आजार त्यापासून होतात आणि ते बहुधा वीस-तीस वर्षांनी दिसतात. आज भोक पाडणाऱ्याला काहीच कळत नाही, हीच त्यातली फसगत. अशा पत्र्याला ड्रिल लावू नये. भोक अगदी अटळच असेल, तर पत्रा ओला करून हाताच्या गिरमिटाने सावकाश पाडावे, पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क बांधावा, मुलांना दूर ठेवावे आणि भुगा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा. त्या पत्र्यावर पाय देऊन चढणे तर मुळीच नको. तो न कुरकुरता फुटतो. विटा, काँक्रीट व दगड यांच्या धुळीपासूनही मास्कनेच बचाव करावा.

बॅटरीची निगा

उष्णता ही लिथियमची शत्रू. पत्र्याच्या खोपटात किंवा उन्हातल्या गाडीत बॅटरी ठेवू नये. कामानंतर ती निवू द्यावी, मग चार्जरला लावावी. पावसाळ्यात महिनोन्‌महिने ठेवावयाची असेल, तर निम्मी भरून, यंत्रापासून वेगळी, कोरड्या कपाटात ठेवावी. फुगलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. जुनी बॅटरी आगीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. ती पेट घेते. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती विक्रेत्याकडे परत द्यावी.

शेवटी, ज्याचे सारे काम घरातल्या प्लगजवळच होते, त्याने तारेचे ड्रिल घ्यावे. ते स्वस्त असते व त्याची बॅटरी कधी थकत नाही. ज्याला वर्षातून चारच भोके पाडावयाची आहेत, त्याने शेजाऱ्याचे मागून आणावे. आणि वाड्यातील तीन-चार घरांनी मिळून एक चांगले यंत्र, दोन बॅटऱ्या, चष्मा व मास्क घेतले, तर प्रत्येकाचा खर्च थोडा होईल व हत्यारही गंजत पडणार नाही. मात्र ते कोणाच्या घरी राहील व बॅटरी बदलण्याचा खर्च कसा वाटून घ्यावयाचा, हे घेण्याआधीच ठरवावे.