लहान ब्रँडचे विपणन : काही रूढ गैरसमज

प्रास्ताविक

जाहिरातलेखन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्या उभ्या राहतात. प्रत्यक्षात तुमच्यापैकी अनेकांना लेखणी हाती घ्यावी लागते ती बचत गटाच्या मसाल्याच्या वेष्टनासाठी, घरच्या लोणच्याच्या पत्रकासाठी किंवा गावातील शिवणवर्गाच्या फलकासाठी. अशा व्यवसायांचे भांडवल बेताचेच असते. चुकीचा मजकूर छापलेली हजार वेष्टने फेकून देणे त्यांना परवडत नाही आणि एकदा उडालेला ग्राहकाचा विश्वास सहसा परत येत नाही. म्हणून लहान ब्रँडच्या विपणनाविषयी रूढ असलेले चार गैरसमज आपण या भागात तपासणार आहोत.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. एखादे नाव ऐकताच ग्राहकाच्या मनात त्या वस्तूविषयी जी ठाम अपेक्षा जागी होते, तिला ब्रँड म्हणता येईल. नाव हे केवळ चिन्ह असते. त्याला अर्थ प्राप्त होतो तो ग्राहकाच्या अनुभवातून.

गैरसमज १ : नाव आणि बोधचिन्ह तयार झाले की ब्रँड तयार झाला

‘लिज्जत’चा इतिहास या समजुतीला उत्तर देतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. सुरुवातीला स्वस्त आणि हलक्या प्रतीचा पापडही केला जात असे. मात्र एकच उत्तम प्रत ठेवावी आणि दर्जाशी तडजोड करू नये, हा छगनलाल पारेख ऊर्फ छगनबाप्पा यांचा सल्ला त्यांनी मानला. ‘लिज्जत’ हे नाव आले ते १९६२ मध्ये, स्पर्धेतून. पापडाची चव आधी लोकांच्या ओळखीची झाली आणि मग त्या ओळखीला नाव मिळाले. वस्तू, विश्वास आणि नाव हा क्रम लक्षात ठेवा. छपाईचा खर्च करण्यापूर्वी दहा वेळा केलेला माल दहाही वेळा सारखाच उतरतो का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

गैरसमज २ : नावातच वस्तूचे गुण आले पाहिजेत

‘शुद्ध मसाले’, ‘चविष्ट लोणचे’, ‘घरगुती पापड’ ही नावे वाचा. व्याकरणदृष्ट्या येथे एक विशेषण आणि एक सामान्यनाम आहे. विशेषनामाचे कार्य मात्र एकाला इतरांपासून वेगळे दाखवण्याचे असते, आणि ते या नावांनी साधत नाही. शेजारचा उत्पादकही हेच शब्द वापरू शकतो. कायद्याची दृष्टीही अशीच आहे. केवळ वस्तूचा प्रकार, गुण किंवा उत्पत्तिस्थान सांगणारे शब्द दीर्घ वापराने वेगळी ओळख प्राप्त झाल्याखेरीज व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नाहीत, असे व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ सांगतो.

गावाच्या नावाबाबतही हेच ध्यानात घ्यावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी. ‘कोल्हापुरी’ हा शब्द चपलेचे कूळ सांगतो; ती कोणत्या कारागिराने केली, हे सांगत नाही. त्यासाठी स्वतःचे वेगळे नाव लागतेच.

गैरसमज ३ : जेवढी अतिशयोक्ती, तेवढा खप

काव्यात अतिशयोक्ती हा अलंकार आहे, कारण ती शब्दशः घ्यायची नाही, असा संकेत कवी आणि वाचक यांच्यात असतो. वेष्टनावरील मजकुराला हा संकेत लागू नाही. ग्राहक तो विधान म्हणून वाचतो. पुढील दोन मजकुरांची तुलना करा.

(अ) मधुमेहावर रामबाण! जगात सर्वोत्कृष्ट नाचणी सत्त्व!
(आ) नाचणीला मोड आणून, ती वाळवून दळली आहे. साखर घातलेली नाही.

पहिल्या मजकुरात उत्पादकाला सिद्ध करता येईल असे काहीही नाही. शिवाय अन्नपदार्थ रोग बरा करतो असा दावा करणे नियमबाह्य आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्या मजकुरात एकही गौरवपर विशेषण नाही, तरीही त्यातील प्रत्येक शब्द ग्राहकाच्या उपयोगी पडतो.

गैरसमज ४ : माल चांगला असेल तर सांगण्याची गरज नाही

अतिशयोक्तीला कंटाळलेले प्रामाणिक उत्पादक पुष्कळदा या दुसऱ्या टोकाला जातात. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे लोक म्हणतात. माती एकदाच विकली जाते हे खरे. पण सोने पडून राहते, हेही तितकेच खरे. शेजारणीला तुमच्या लोणच्याची चव ठाऊक असते. तालुक्याच्या प्रदर्शनात आलेल्या अनोळखी माणसाला ती ठाऊक नसते. पदार्थात काय आहे, तो कसा वापरावा, किती दिवस टिकतो, पुन्हा कोठे मिळेल आणि तक्रार कोणाकडे करावी, या प्रश्नांची उत्तरे त्याला हवी असतात. ती देण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. ग्राहकाच्या भाषेतील पाच-सहा नेमकी वाक्ये पुरतात.

समारोप

वरील चार गैरसमजांच्या मुळाशी एकच चूक आढळते. शब्द वस्तूची जागा घेऊ शकतात, असे पहिल्या तिघांत गृहीत धरलेले असते. वस्तूला शब्द लागतच नाहीत, असे चौथ्यात. वास्तविक लहान ब्रँडची जाहिरात हे एक वचन असते. पाळता येईल तेवढेच वचन नेमक्या शब्दांत द्यावे आणि ते प्रत्येक खेपेस पाळावे. यांपैकी नेमके शब्द शोधण्याचे काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील एखाद्या लहान उत्पादकाचे वेष्टन मिळवा. त्यावरील पडताळता येणारी विधाने आणि केवळ गौरवपर शब्द वेगळे करा. सहा वाक्यांत नवा मजकूर लिहा. तो उत्पादकाला वाचून दाखवा आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा : हे तुम्हांला प्रत्येक वेळी पाळता येईल का? ज्या वाक्याला ‘नाही’ असे उत्तर येईल, ते खोडून टाका.