शौचाच्या जागी गाठ लागतेय? प्रत्येक कोंब मूळव्याधीचा नसतो!

वाशिम : सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की दिवसभर वाकून काम, पाणी कमी आणि शौच रोखून धरणे हे ठरलेलेच. त्यातून बद्धकोष्ठता वाढते आणि एक दिवस शौचाच्या जागी हाताला गाठ लागते. लाजेपोटी घरात कुणी बोलत नाही. 'मूळव्याधच असेल' असे समजून मेडिकलमधून मलम आणले जाते. या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात. पण साऱ्याच मूळव्याधीच्याही नसतात.

कोणती गाठ कशी ओळखाल?

मूळव्याध : शौचावेळी लालभडक रक्त पडते, सहसा दुखत नाही. कोंब आधी आतच असतो. पुढे कुंथल्यावर बाहेर येतो, नंतर बोटाने आत ढकलावा लागतो आणि शेवटी बाहेरच राहतो.

निळसर टणक गाठ : अचानक येते, बसणेही कठीण होते. कोंबात रक्त साकळल्याने असे होते.

कातडीचा मऊ कोंब : दुखत नाही, खाज येऊ शकते. शौचावेळी चिरल्यासारखी आग होत असेल तर मूळ त्रास फिशरचा असू शकतो.

चामखिळी : खडबडीत, फुलकोबीसारखे पुंजके. हा एचपीव्ही विषाणूचा संसर्ग असून तो बहुधा शरीरसंबंधातून पसरतो. जोडीदारानेही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पॉलिप : ही गाठ आत असते. लहान मुलाला न दुखता रक्त पडत असेल तर हे एक कारण असू शकते. मोठ्या माणसांतील काही पॉलिप पुढे कर्करोगात बदलू शकतात, म्हणून तपासणी हवीच.

केव्हा थांबू नये?

काळपट रक्त, शौचाच्या सवयीत अचानक बदल, वजन घटणे, वाढत जाणारी टणक गाठ किंवा न भरणारी जखम असल्यास लगेच दाखवा. ताप, ठणका आणि पू असेल तर ते गळू असू शकते. रोज थोडे थोडे रक्त गेले तरी अंगातले रक्त कमी होते.

कुठे दाखवाल?

जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा वाशिमचे जिल्हा सामान्य रुग्णालय. बोटाने आणि छोट्या नळीने होणारी प्राथमिक तपासणी काही मिनिटांचीच असते. 'एका इंजेक्शनात कोंब गळेल' असे सांगणाऱ्या भोंदूंपासून दूर राहा. रक्त पडत असेल तर मलमाआधी निदान करून घ्या.