दवाखान्याच्या भिंतीवर काय काढावं?

भातसा नदीवरचा सापगावचा पूल ओलांडून किन्हवलीकडची माणसं शहापूरच्या सरकारी दवाखान्यात येतात. केसपेपर काढायचा आणि नंबर लागेपर्यंत बसून राहायचं. तापाइतकीच ‘आता पुढं काय?’ ही धास्ती माणसाला छळते. कलेचा उपयोग सुरू होतो तो या बसून राहण्यात. चित्रानं जंतू मरत नाहीत. पण भीती उतरली की दुखणं सोसवतं.

असं का होतं? दुखऱ्या जागेकडून निघालेला निरोप जसाच्या तसा मेंदूत पोचत नाही, वाटेत तो कमी-जास्त होतो, असं मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं. लक्ष कुठं आहे, मन किती घाबरलंय, यावर वेदनेची तीव्रता बदलते. 1984 मध्ये संशोधक रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 जणांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदनेची जालीम औषधंही कमी लागली. म्हणून पहिला खर्च रंगावर करूच नये. खिडकीला टेकवलेलं कपाट हलवावं, काच पुसावी, बाहेर झाड लावावं.

मग भिंत. इथं मला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामाची आठवण होते. दवाखान्यात का येत नाही, असं त्यांनी गोंड आदिवासींना विचारलं. पांढऱ्या कपड्यातली माणसं पाहून भीती वाटते, मेलेल्याला आम्ही पांढऱ्यात गुंडाळतो, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, असं लोकांनी सांगितलं. त्यावरून बंग यांच्या शोधग्राममध्ये पाड्यासारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. नातेवाइकांना राहायला जागा मिळाली, आणि नाव ठेवलं आदिवासींच्या माँ दंतेश्वरी देवीचं.

आता आपल्याकडं पाहा. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली राहतात. वारल्यांच्या लग्नात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा चौक सुवासिनी काढतात. तिकडं पांढरा मरणाचा, इकडं लग्नाचा. त्यामुळे कुठल्याही दवाखान्यानं गडचिरोलीची नक्कल करू नये, विचारण्याची रीत तेवढी घ्यावी. पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांना आशाताईंबरोबर बोलावून बसवावं. ओपीडीत असा चौक काढायचा का, हे त्यांनीच सांगावं. तो देवाचा आहे. शोभेसाठी कुणीही उचलून काढावा असं मला बिलकूल वाटत नाही. शेताची, नदीची, कोंबड्यांची चित्रं मात्र मोकळेपणानं काढता येतात. ती त्याच गावातल्या हातांनी, मजुरी देऊन काढून घ्यावीत.

चित्र कुठं काढायचं, यात बरेच चुकतात. उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर काढतात, आणि स्ट्रेचरवरच्याला दिसतं फक्त छत. म्हणून एकदा आपण स्वतः स्ट्रेचरवर उताणं पडून प्रसूतिगृहापर्यंत ढकलून घ्यावं. दिव्याचा झोत कुठं डोळ्यात जातो तेही कळतं. मुलांसाठी चित्र त्यांच्या उंचीला, जमिनीपासून हातभर वर सुरू व्हावं. इंजेक्शनच्या खोलीत ‘किती ससे लपलेत ते शोध’ असं काही असावं, म्हणजे सुई टोचताना सिस्टरलाही विचारायला एक प्रश्न मिळतो. रंग फिनाईलच्या पाण्यानं पुसता येईल असाच हवा, आणि त्याचा वास जाईपर्यंत खोलीत पेशंट ठेवू नये.

आवाजाचं वेगळं आहे. चित्राकडं पाठ फिरवता येते, स्पीकरकडं येत नाही. वॉर्डात दिवसभर गाणी लावण्यापेक्षा ज्याला हवं त्याच्या कानाशी, त्याच्या आवडीचं लावावं. ऑपरेशनआधी असं ऐकल्यानं धास्ती कमी होते, हे अनेक चाचण्यांत दिसलंय.

सिस्टर, ब्रदर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा रात्रंदिवस इथंच असतात. त्यांच्यात भजनात पेटी वाजवणारा, भारूड करणारी कुणीतरी निघतेच. आठवड्यातून अर्धा तास त्यांना एकत्र गाऊ द्यावं, पण ड्युटीच्या वेळेत आणि बदली माणूस लावून. ड्युटी संपल्यावर थांबवून घेतलेलं गाणं हे आणखी एक काम होतं.

आणि मुहूर्त दिवाळीनंतरचा धरावा. इकडचा पाऊस भिंतीत मुरतो. गळती काढून, भिंत पुरती वाळल्यावरच रंग लावावा, नाहीतर पुढच्या आषाढात चित्राचे पापुद्रे खाटेवर पडतील.