हृदयशस्त्रक्रियेतील भूल आणि मात्रेचा प्रश्न

भुलीच्या औषधाने हृदयाचे रक्षण होते, हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटते. भूलशास्त्रातील एक मोठा वाद भूल हृदयाला मारक ठरते काय, याच प्रश्नावर झाला, आणि तोही दख्खनमध्ये. मराठवाडा ज्यात मोडत होता त्या हैदराबाद संस्थानात शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या प्रेरणेने १८८८ साली क्लोरोफॉर्म समिती नेमली गेली. तिचा निष्कर्ष सर्वमान्य होईना, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ करून लंडनच्या 'लॅन्सेट' पत्राला प्रतिनिधी धाडण्याची विनंती केली; १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले व दुसरी समिती बसली. शेकडो जनावरांवर, मुख्यत्वे कुत्र्यांवर, प्रयोग झाले. निर्णय असा की, क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास थांबतो, हृदय मागाहून. सबब भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवावे.

प्रयोग कसोशीने केलेले होते. परंतु त्यांची दृष्टी अतिमात्रेवर खिळलेली होती. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखविले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असता रक्तात ॲड्रेनॅलीन आले, तर हृदयाच्या निलयांचे तालबद्ध आकुंचन मोडून ते नुसते थरथरू लागतात आणि प्राणी तत्काळ दगावतो. गाढ भुलीत तसे होत नाही. मात्रा कमी म्हणून धोका कमी, हा सरळ हिशेब येथे चालत नाही.

मात्रेला मोजमाप मिळाले ते १९६० नंतरच्या दशकात. शस्त्राच्या छेदाने शंभरांतील पन्नास रोगी हालचाल करीत नाहीत अशी वायुकोशांतील वाफेची जी संहती, ती एक 'मॅक' होय. चाळिशीच्या माणसात ती आयसोफ्लुरेनची सुमारे १.२ टक्के, तर सेव्होफ्लुरेनची सुमारे २ टक्के असते. वय वाढते तशी व शरीर थंड होते तशी ती उतरते.

हृदयरक्षणाची कल्पना निघाली ती भुलीतून नव्हे. १९८६ साली मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद करून सोडली व मग चाळीस मिनिटे बंद ठेवली. अशी पूर्वतयारी झालेल्या हृदयात मृत स्नायूचे प्रमाण इतरांच्या चतुर्थांशावर आले. १९९७ च्या सुमारास आढळले की, आयसोफ्लुरेनची वाफ आधी दिली तरी तसाच परिणाम साधतो. पेशीतील तंतुकणिकांचे पोटॅशियम-मार्ग उघडणे हे त्याचे एक कारण मानतात. पुढे २००४ मध्ये द हर्ट यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरील शस्त्रक्रियेत सेव्होफ्लुरेन केवळ आधी, केवळ नंतर आणि सर्वकाळ, असे देऊन तुलना केली. ट्रोपोनिनच्या मापाने हानी स्पष्टपणे घटलेली दिसली ती सर्वकाळ औषध मिळालेल्या गटात. मात्रा म्हणजे नुसती संहती नव्हे; ती केव्हा व किती वेळ, हेही मात्रेतच येते.

ट्रोपोनिन घटले म्हणून रोगी वाचला, असे मात्र म्हणता येत नाही. २०१९ साली लँडोनी व सहकाऱ्यांनी तेरा देशांतील ५,४०० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. अर्ध्यांना वाफेची भूल दिली होती, अर्ध्यांना केवळ शिरेतून. वर्षअखेर मृत्यू अनुक्रमे २.८ व ३.० टक्के, म्हणजे फरक नाहीच. फरक दिसण्याची आशा नसल्याने पाहणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली होती. कुत्र्यावरून माणसाकडे येताना हैदराबादेत जी घाई झाली, तीच जणू शतकानंतर उलट दिशेने झाली. आजच्या शस्त्रक्रियेत पोटॅशियमयुक्त द्रावाने हृदय थांबविणे व थंड ठेवणे हे रक्षण आधीच होत असते; भुलीने त्यात भर पडण्यास जागा थोडी उरत असावी.

तेव्हा मात्रा ठरवावयाची ती रक्तदाब, वय व तापमान पाहून. हृदय-फुप्फुस यंत्र चालू असता फुप्फुसे बाजूला पडतात आणि वाफ यंत्राच्या वायुनळीतून द्यावी लागते. शरीर पुन्हा तापविताना भुलीची गरज वाढते. त्या वेळी मात्रा वाढविण्यास विसर पडला, तर उरोस्थी उघडी असतानाच रोगी शुद्धीवर येऊ शकतो.