दोर सुटला, तर?

वणीच्या सप्तशृंगगडावर फ्युनिक्युलर ट्रॉलीच्या रांगेत उभं राहिलं की हल्ली हा प्रश्न मनात येतोच. ३ सप्टेंबर २०२५ रोजी लिस्बनमधली ग्लोरिया ही १८८५ सालची फ्युनिक्युलर उतारावरून सुटली आणि सोळा माणसं गेली. दोर मधेच तुटला नव्हता. डब्याखाली तो जिथे जोडलेला असतो, तिथून निसटला. त्याच सकाळी तपासणी झाली होती; पण ती जागा भाग सुटे केल्याशिवाय दिसतच नव्हती. चालकाने ब्रेक लावले, ते पुरले नाहीत.

आडावरच्या रहाटाला दोन पोहरे लावावेत, एक वर येताना दुसरा खाली जावा, तशी ही फ्युनिक्युलर गाडी. दोन डबे एकमेकांना तोलतात आणि मोटरला फक्त दोन बाजूंच्या वजनातला फरक आणि घर्षण सांभाळावं लागतं. निम्म्या वाटेवर ते एकमेकांना ओलांडतात, ती जागा मला या सगळ्यात देखणी वाटते. तिथल्या रुळांच्या सांध्यात काहीच हलत नाही. एका डब्याच्या डावीकडच्या चाकांना दोन्ही अंगांना कडा असतात आणि उजवीकडची सपाट. दुसऱ्याची बरोबर उलट. त्यामुळे प्रत्येक डबा न चुकता आपल्याच बाजूला वळतो. ही युक्ती स्विस इंजिनिअर रोमान आब्ट यांची.

स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झ सरोवराकाठी १८७९ साली गीसबाख फ्युनिक्युलर सुरू झाली, तेव्हा वरच्या डब्यात पाणी भरून त्याच्या भाराने खालचा डबा ओढला जाई. रुळांमध्ये दातेरी पट्टी होती. चढण्यासाठी नव्हे, ब्रेकसाठी! नुसत्या दोरावर विसंबायचं नाही, हे तेव्हाच्या माणसांना कळत होतं. आजच्या डोंगरी फ्युनिक्युलरमध्ये दोर सैल पडताच डब्याखालचे जबडे आपोआप रुळाला आवळतात. ग्लोरियाचे ब्रेक मात्र दोराच्या तोलाशिवाय डबा थांबवू शकले नाहीत.

सप्तशृंगगडावर २०१८ पासून ही ट्रॉलीची सोय आहे. सुमारे पाचशे पायऱ्या चढणं ज्यांना झेपत नाही, त्या आजी-आजोबांना देवीचं दर्शन त्यामुळे घडतं. ही गाडी हवीच. पण दोर कधी बदलला, त्याची जोडणी उघडून कधी पाहिली, भरल्या डब्यानिशी रुळावरचा ब्रेक कधी आजमावला, या तीन तारखा तिकीट खिडकीशेजारी ठळक लिहिलेल्या असाव्यात. व्यवस्थापनाने त्या लावाव्यात, आणि भाविकांनी तिकीट काढताना त्या मागाव्यात.