नातवंडांचे पोहणे आणि खांद्याचे गणित

2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत कोल्हापूरचे वीरधवल खाडे 50 मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत चौथे आले. त्यांची वेळ होती 22.47 सेकंद आणि तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूची 22.46. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. याच खाडे यांनी 2010 मध्ये ग्वांगझू येथे 50 मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले होते. खजानसिंग यांच्या 1986 च्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धेत जलतरणात भारताला मिळालेले ते पहिलेच पदक.

एका शतांश सेकंदाच्या या हिशेबामुळेच मुलांकडून अधिकाधिक सराव करून घेतला जातो. पूर्वी पनवेलची मुले विहिरीत, तळ्यांत नाहीतर गाढी नदीच्या डोहात पोहायला शिकत. आता पहाटे नातवाला टँकवर नेऊन सोडणे हे अनेक घरांत आजी-आजोबांचे काम झाले आहे. म्हणून मुलाचा खांदा दुखू लागल्याचे बहुधा त्यांच्याच लक्षात प्रथम येते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन आहे. वेग दुप्पट केला, तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे पोहण्यात नुसत्या ताकदीपेक्षा शरीर आडवे व सरळ ठेवणे, हात योग्य कोनात पाण्यात घालणे आणि श्वासासाठी मान गरजेपुरतीच वळवणे यांना अधिक महत्त्व आहे. थकलेल्या मुलाची ही शैली बिघडते, आणि बिघडलेल्या शैलीत मारलेला प्रत्येक हात खांद्यावर भार टाकतो.

आता साधा हिशेब करू. 50 मीटरच्या एका फेरीत एक हात साधारण 20 वेळा फिरतो असे धरले, तर 5 किलोमीटरच्या, म्हणजे 100 फेऱ्यांच्या सरावात तो 2,000 वेळा फिरतो. वर्षाला 300 दिवस सराव केल्यास हा आकडा 6 लाखांवर जातो. खांद्याचा सांधा मात्र उथळ बशीत ठेवलेल्या मोठ्या लाडवासारखा असतो. बशी लहान, लाडू मोठा. तो जागेवर राहतो तो मुख्यतः भोवतालच्या चार लहान स्नायूंच्या आणि पाठीच्या फऱ्याच्या आधाराने. हे स्नायू थकले की लाडू किंचित सरकतो आणि स्नायूंच्या कंडरा हाडाखाली घासल्या जातात. या दुखण्याला 1974 पासून वैद्यकशास्त्रात ‘स्विमर्स शोल्डर’ असे नाव आहे.

सरावानंतर दोन्ही खांदे जड वाटणे आणि ते एक-दोन दिवसांत उतरणे स्वाभाविक आहे. परंतु एकाच खांद्याच्या पुढच्या भागात टोचणे, त्या कुशीवर झोपता न येणे, केस विंचरताना किंवा दप्तर उचलताना तोंड वेडेवाकडे होणे, ही दुखापतीची लक्षणे आहेत. स्पर्धेतून नाव जाईल या भीतीने मुले हे दुखणे लपवतात. म्हणून ‘दुखतं का?’ एवढेच विचारू नये. ‘हात वर करून दाखव बरं’ असे म्हणावे आणि दोन्ही हातांत फरक दिसतो का, ते पाहावे.

सरावाला जाण्यापूर्वी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला पाण्यात पाठवू नये. वेदना दबते, घासणे चालूच राहते. हाताला लावायची पॅडल्स लगेच बंद करावीत. किकबोर्ड पुढे धरून केवळ पाय मारणे निर्धोक वाटते, पण त्यातही हात डोक्यापुढे ताणलेले राहतात. त्याऐवजी हात शरीरालगत ठेवून उताणे पाय मारावेत. रबरी पट्ट्यांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, आणि पोहण्याचे अंतर एकदम न वाढवता आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे.

विश्रांती म्हणजे आळस, हा समज क्रीडाविज्ञानाने केव्हाच मोडीत काढला आहे. मोठ्या स्पर्धेपूर्वी दोन-तीन आठवडे जलतरणपटू वेग कायम ठेवून अंतर मुद्दाम कमी करतात, कारण शरीर सुधारते ते विश्रांतीच्या काळात. पहाटे पाचला उठणारे मूल रात्री साडेआठ-नऊला झोपले पाहिजे. ही गोष्ट कोचच्या नव्हे, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.

आणखी एक धोका जिवावर बेतणारा आहे. जोरजोरात श्वास घेऊन मग पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ राहण्याची पैज मुले लावतात. अशा श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि तोपर्यंत मूल पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकते. हा खेळ चालू देऊ नये.

आजी-आजोबांनी स्वतः पोहावे का? अवश्य, मात्र जपून. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याची शक्यता अधिक असते, त्यांनी ओढूनताणून हात मारू नयेत. पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त छातीकडे वळते, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मान दुखत असेल, तर डोके सतत वर धरून ब्रेस्टस्ट्रोक करू नये. टँकवर एकट्याने उतरू नये. पोहण्याने हाडांवर वजन पडत नाही, तेव्हा हाडांसाठी चालणे सोडू नये.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंगत्व आले. त्यांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. जखमी शरीरालाही पाणी उभारी देते, ते असे. खाडे 2008 मध्ये सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरले आणि 2023 च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण त्यांनी मिळवले. मधे पंधरा वर्षे गेली. बाराव्या वर्षी जिल्हा स्पर्धेचे पदक हुकले, तर पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळते. त्यासाठी नातवाचा खांदा मात्र धड राहिला पाहिजे.